सोलापूरला घरी येताय आणि भावंडाशी अबोला आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या बऱ्याच घरांत एक भावंड पुण्याला, मुंबईला किंवा हैदराबादला गेलेलं असतं आणि एक इथंच राहिलेलं असतं. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, मागांवर पोट भरेना, तेव्हापासून हे चालूच आहे. मधे कधीतरी वाटणीवरून, आईच्या आजारपणावरून किंवा एखाद्या लग्नातल्या मानपानावरून बिनसतं, आणि बोलणं थांबतं ते थांबतंच. पुढचे प्रश्न अशा घरांमधून सतत येतात. उत्तरांमागे माझा एकच आग्रह आहे: पहिल्या भेटीत कोण बरोबर होतं याचा निकाल लावायचा नाही. आधी बोलणं सुरू होऊ द्या, हिशेबाला नंतर बसता येतं.

इतक्या वर्षांनी आधी कळवू की थेट दारात जाऊन उभा राहू?

आधी कळवा. अचानक गेलात तर समोरच्याला सावरायला वेळ मिळत नाही. घरात पाहुणे असतील, मुलीला बघायला कोणी आलं असेल, नवरा-बायकोचं नुकतंच वाजलेलं असेल. अशा वेळी तोंडातून जो शब्द निघतो तोच मग वर्षानुवर्षं दोघांच्या लक्षात राहतो.

फोनपेक्षा मेसेज बरा, कारण तो दोनदा वाचता येतो आणि उत्तर देण्याची घाई नसते. असं काहीतरी लिहा: "दादा, मी सोळा तारखेला सोलापूरला येतोय, तीन दिवस आहे. तुला चालत असेल तर अर्धा तास भेटू. जागेचं काही बोलायचं नाही. नाही जमलं तरी राग नाही." यात तारीख आहे, भेट किती वेळाची ते आहे, वादाचा विषय निघणार नाही हे आधीच सांगितलंय आणि नाही म्हणायला वाट ठेवली आहे. यापेक्षा लांब लिहू नका. चार पानं लिहिलीत की त्यात तुमची बाजू येतेच, आणि मग समोरच्याला स्वतःची बाजू लिहावी लागते.

घरच्या ग्रुपवर मात्र हे टाकू नका. सगळ्या मावश्या आणि आत्यांच्या देखत कोणी मोकळं उत्तर देत नाही. नंबर ब्लॉक असेल तर बंद पाकिटात पत्र पाठवा. पोस्टानं आलेलं पत्र आजही माणूस फाडण्याआधी वाचतो.

गड्ड्याला यावं, दिवाळीला यावं की मधेच कधीतरी?

माझं मत सांगायचं तर सणाच्या मुख्य दिवशी पहिली भेट ठेवू नये. भाऊबीज तर नकोच. ओवाळायला बसलेली बहीण, ताटात काय घालायचं हा विचार करणारा भाऊ, भोवती सगळं घर. त्या दिवसाचं ओझंच इतकं असतं की साधं बोलणं होत नाही.

गड्डा मात्र वेगळा. सिद्धरामेश्वरांची ही यात्रा संक्रांतीच्या आसपास भरते. सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले मानकरी, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम आणि शोभेचं दारूकाम असे लागोपाठ दिवस असतात. बाहेर गेलेला सोलापूरकर एरवी कधी नाही आला तरी या दिवसांत येतो, त्यामुळे "तू का आलास?" असं कोणी विचारत नाही. याचा फायदा घ्या. पण अक्षतेच्या दिवशी भेटायचं ठरवू नका. मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात, गर्दीत कोणी उशिरा पोचतं, आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याच्यासाठी तासभर ताटकळलं की जुना राग लगेच वर येतो. दारूकाम झाल्यावर एक-दोन दिवसांनी, होम मैदानावरची दुकानं आणि पाळणे अजून असतात, त्या वेळी भेटा. तोवर तिळगुळाचे दिवसही असतात. "गोड बोला" म्हणून डबी पुढे करायला सोलापुरात आणखी कारण लागत नाही.

शेती असलेल्या घरांसाठी मार्गशीर्षातली वेळ अमावस्याही चांगली. त्या दिवशी सगळे शेतात जातात, भज्जी आणि आंबील असते, माणसं बांधावर विखुरलेली असतात. नको असलेल्या माणसापासून दहा पावलं लांब बसता येतं आणि तरी एकत्र जेवण होतं.

पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो आणि त्याच दिवशी राखी असते. तेव्हा बहिणी माहेरी येतातच. पण भाऊबीजेबद्दल जे म्हटलं तेच इथंही लागू होतं: राखीच्या आधी एकदा फोनवर तरी बोलणं झालेलं असावं.

उतरायचं कुठं? वडिलांच्या घरी, जिथे भाऊ राहतो, की लॉजवर?

पहिल्या खेपेला दुसरीकडे. मावशीकडे, मित्राकडे किंवा लॉजवर. आईला वाईट वाटेल हे खरं आहे, तिला आधीच समजावून सांगा.

याला एक अगदी घरगुती कारणही आहे. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि तेही कधी अपरात्री. चार माणसं जास्तीची आली की पाण्याचं गणित कोलमडतं, आणि ते सांभाळावं लागतं ते घरातल्या बाईला. ज्या वहिनीशी तुमचं धड बोलणंही नाही तिच्या पिंपातल्या पाण्यानं तुम्ही सगळे अंघोळी करणार, हे काही बरं नाही. राहायचंच असेल तर पाणी कधी येतं ते विचारा आणि त्या रात्री उठून भरायला लागा. मोठ्या माफीपेक्षा याची नोंद घरात आधी घेतली जाते.

भेटायचं कुठं?

ज्या जागेवरून वाद आहे त्या जागेत नाही. शक्य तर चालता येईल अशा ठिकाणी भेटा: सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात तलावाच्या कडेनं, कंबर तलावाकडे, पार्क चौकात. समोरासमोर बसलं की नजरेला नजर द्यावी लागते. शेजारून चालताना द्यावी लागत नाही, गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही. देवळात भेटण्याचा आणखी एक फायदा: आवाज आपोआप खाली राहतो.

परतीचं तिकीट काढलेलं असू द्या. हुतात्मा, सिद्धेश्वर, वंदे भारत, जी गाडी असेल ती. गाडीची वेळ ठरलेली असली की भेट संपवायला कुणाला कारण शोधावं लागत नाही.

मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो. तरी "तू काय केलंस?" हेच ऐकावं लागतं. काय उत्तर देऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर सगळ्यात नाजूक आहे.

गावात राहिलेल्या भावंडानं काय केलं ते पैशात मोजता येत नाही. वडिलांना रात्री सिव्हिलला रिक्षातून नेणं, रक्त मिळवायला धावणं, आईची गुडघेदुखी रोज ऐकणं, घरपट्टीच्या रांगेत उभं राहणं, नातेवाइकांच्या प्रत्येक बारशाला आणि मयतीला घराच्या वतीनं हजर असणं. हे करता करता स्वतःची बदली नाकारलेली असते, पुण्यात आलेली संधी सोडलेली असते. आणि दोन दिवसांसाठी आलेल्या धाकट्याला आई त्याच्या आवडीचं करून वाढते हेही ते भावंड बघत असतं.

बाहेर गेलेल्याचंही खोटं नसतं. घराचे हप्ते भरून पैसे पाठवलेले असतात, रजा मिळत नाही म्हणून रात्री एकट्यानं रडलेलं असतं. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरून गेल्यावर आपल्याला कळवलं जातं, ही सलही असते.

दोघांचं खरं असल्यामुळे कोणी हटत नाही. यातून वाट अशी: तुम्ही बाहेर गेलेले असाल तर आधी विचारा, आणि नेमकं विचारा. "तू खूप केलंस" हे वाक्य पुरत नाही. "अण्णांना त्या रात्री दवाखान्यात कसं नेलंस? सोबत कोण होतं?" असं विचारा आणि मग मधे न बोलता ऐका. बहुतेकांना हे कधी कुणी विचारलेलंच नसतं. पैशांचा विषय त्या भेटीत तुमच्याकडून निघू नये. पुढच्या भेटीत समोरून निघाला तर सांगा, बँकेचं पासबुक न काढता सांगा.

तुम्ही गावात राहिलेले असाल तर तुम्हालाही एक विचारता येईल: "तिकडे सुरुवातीला कुठे राहिलास, जेवणाचं काय करायचास?"

"झालं गेलं विसरून जाऊ" म्हणावं का?

नको. ज्यानं दुखावलं त्याला हे म्हणणं सोपं असतं. ज्याला लागलं त्याला ऐकू येतं की माझं दुखणं यानं हिशेबातच धरलेलं नाही.

माफी मागायची असेल तर एका गोष्टीची मागा, नाव घेऊन मागा: "बाबांच्या तेराव्याला मी सगळ्यांसमोर तुला लोभी म्हणालो, ते चुकलं." त्यापुढे "पण तूही" हे दोन शब्द जोडायचे नाहीत. समोरच्यानं लगेच माफ करावं अशीही अपेक्षा नको. काही माणसं ऐकतात, गप्प राहतात, चहा मागवतात. तेवढं पुरे धरा.

आधी त्यानं माफी मागावी असं मला वाटतं. चूक आहे का?

चूक नाही. पण माफीची अट घालून भेट ठरवलीत तर बहुतेक वेळा भेट होत नाही. मनात ठेवा, अट करू नका.

जागेचा प्रश्न मिटल्याशिवाय बोलायचं तरी कसं?

नातं आणि कागद वेगळे ठेवून. याचा अर्थ कागदाकडे दुर्लक्ष करा असा नाही, उलट कागदाचं काम नीट करा, म्हणजे ते जेवणाच्या ताटावर येणार नाही. पहिल्या भेटीत फक्त एवढं ठरवा की जागेचं बोलायला वेगळा दिवस ठेवायचा, आणि त्या दिवशी कागद समोर असतील.

तोवर माहिती घेऊन ठेवा, कारण निम्मी भांडणं चुकीच्या समजुतीवर उभी असतात. मिळकत पत्रिका (शहरातल्या जागेचं प्रॉपर्टी कार्ड) आणि सातबारा ऑनलाइन निघतात, कुणाकडे मागायची गरज नाही. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, आणि वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा वाटा जात नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क दिला. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. हा कायदा लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख घरांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांचे वारशाचे नियम वेगळे आहेत.

दोन गोष्टींवरून फार गैरसमज होतात. पहिली: मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर एकाचंच नाव लागलं म्हणून तो एकटा मालक होत नाही. ती नोंद महसुलासाठी असते. दुसरी: स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, नोंदणीकृतच लागतं.

हक्कसोडीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आपल्याकडे बहिणीनं सही द्यावी हे गृहीत धरलं जातं, आणि तिनं "का?" असं विचारलं की माहेर तुटतं. ज्या भावांना बहिणीशी पुन्हा बोलायचं आहे त्यांनी आधी स्वतःला विचारावं की आपण तिला बोलावतोय की तिची सही बोलावतोय. येताना कागद घेऊन येऊ नका, आणि "कागद करायचा नाही" असं तिला आधीच सांगा. बहिणींनी घाईत, देवळात, हळदीकुंकवाला, कुणाच्या अंथरुणाशेजारी बसून कशावरही सही करू नये. वाटा सोडायचा की घ्यायचा हे तिचं तिनं ठरवावं, आणि घेतला तरी माहेर तिचंच आहे.

कोर्टात दावा चालू आहे. मग भेटता येतं का?

येतं, कायद्याची आडकाठी नाही. दाव्याबद्दल बोलू नका आणि भेटणार असल्याचं वकिलांना सांगून ठेवा. दोघांची तयारी असेल तर चालू दाव्यातही मध्यस्थीसाठी पाठवा अशी विनंती कोर्टाला करता येते. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

भावकीतल्या मोठ्या माणसाला मधे घालू का?

विचारपूर्वक. ज्याचं दोघंही ऐकतात, ज्याचा त्या जागेत काही संबंध नाही आणि जो उद्या ही गोष्ट चौकात सांगणार नाही, असा माणूस मिळाला तर नशीब. एरवी काका-मामांची बैठक बसते आणि भावंडांपेक्षा त्यांचाच जुना हिशेब निघतो. पुष्कळदा बालमित्र, जुने शेजारी किंवा वडिलांच्या शेजारच्या मागावर काम केलेला माणूस हे काम जास्त चांगलं करतो.

आई निरोप पोचवते. चालतं का?

तिच्यावर हे ओझं टाकू नका. ती दोघांनाही बरं वाटेल असं थोडं बदलून सांगते. "तो तुझी आठवण काढतो" असं ती म्हणते, प्रत्यक्षात त्यानं फक्त "आला का तो?" एवढंच विचारलेलं असतं. मग भेटीत अपेक्षाभंग होतो आणि खोटं ठरते आई. भेट झाल्यावर दोघांनी मिळून तिला सांगा.

सगळं वहिनीमुळे झालं असं घरात म्हणतात. तिच्याशी कसं वागू?

असं बहुतेक घरांत म्हणतात, आणि बहुतेक घरांत ते अन्यायाचं असतं. भावावर राग धरणं जड जातं म्हणून तो बाहेरून आलेल्या बाईवर ढकलला जातो. तुमच्या आई-वडिलांचं रोजचं खाणंपिणं, अंगावरचं दुखणं तिनंच काढलेलं असण्याची शक्यता जास्त. तिच्याशी स्वतंत्र बोला, भावाच्या मार्फत नको. जावयांबद्दलही हेच. पहिली भेट फक्त भावंडांची असावी, पण जोडीदारांना तसं आधी सांगून.

जेवायला थांब म्हणाले तर?

थांबा. कडक भाकरी, शेंगा चटणी जे असेल ते जेवा. बाहेरून काही मागवू नका.

मारहाण, दारू किंवा लहानपणी झालेला छळ हे कारण असेल तर?

तर तुमच्यावर समेटाचं कसलंही बंधन नाही. "शेवटी भाऊच आहे ना" असं कोणी म्हणेल, तरीही नाही. सोलापूरला या, आईला भेटा, गड्डा करा आणि त्या माणसाला न भेटता परत जा. भेटायचंच ठरवलंत तर एकट्यानं जाऊ नका. धोका वाटला तर ११२, स्त्रियांसाठी १८१. जुन्या गोष्टी वर येऊन झोप उडाली असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

घरात कुणी गेल्यावर पहिल्यांदाच समोरासमोर येणार आहोत. काय सांभाळावं?

अग्नी कोणी द्यायचा, दहाव्याला कोण बसणार, यावरून वाद घालू नका. जो सेवेला होता त्याला विचारा आणि तो म्हणेल तसं करा. सुतकाच्या दिवसांत कोणीतरी काका "आता घराचं काय ते ठरवून टाका" म्हणतोच. तेव्हा दोघांपैकी एकानं स्पष्ट सांगावं की हे आत्ता बोलायचं नाही. त्या एका वाक्यावर दोन भावंडं वर्षांनंतर पहिल्यांदा एका बाजूला उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

या दिवसांत दोघंही जागरणानं थकलेले असतात. गळ्यात पडून रडलात तरी सगळं मिटलं असं धरू नका, आणि कोणी तुटक बोललं तरी तेही कायमचं धरू नका. महिन्याभरानं पुन्हा एकदा भेटा.

त्यानं भेटायला नकार दिला. आता?

"ठीक आहे, पुन्हा आलो की कळवीन" एवढं लिहा आणि पुढच्या वेळी खरंच कळवा. कारण विचारू नका, तिसऱ्याकडून दबाव आणू नका. पाठीवर पाठ नकार आले तर वर्षभर थांबा. मधल्या काळात त्याच्या घरी बरंवाईट काही घडलं तर मात्र जा.

भेट चांगली झाली, पण परतल्यावर पुन्हा सगळं थंड पडतं.

कारण "भेटत राहू" याला तारीख नसते. निघण्याआधी एक लहान काम वाटून घ्या: आईच्या औषधांची यादी तू पाठव, मागवायची मी. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा मला फोन लाव, मी ऐकत बसेन. असं काम असलं की फोन करायला विषय असतो आणि अवघडलेपण जातं. रोज गुड मॉर्निंगचे फोटो पाठवण्यापेक्षा महिन्यातून एक फोन बरा.

आमची मुलं एकमेकांना ओळखतच नाहीत. त्यांना काय सांगायचं?

भांडणाची तुमची बाजू सांगू नका. "आमचं पटत नव्हतं, आता बोलायला लागलोय" एवढं त्यांना समजतं. तिकडची मुलं मराठी-इंग्रजी बोलणारी आणि इकडची घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणारी असली तरी पाळण्यात बसायला भाषा लागत नाही. त्यांना गड्ड्यात एकत्र पाठवा, हातात थोडे पैसे द्या आणि सोबत मोठं कोणी द्यायचं असेल तर आत्याला किंवा काकाला द्या, म्हणजे ज्याच्याशी अबोला होता त्यालाच.